सही करण्याआधी

चि.,
अनेक आशीर्वाद.

टॅक्सी ॲपवाली कंपनी सपोर्ट सेंटर वाढवतेय, मोठी भरती आहे, अर्ज करू का, असं विचारलंस. जरूर कर. पहिली नोकरी म्हणून वाईट नाही. फक्त जाहिरातीतलं नाव पगाराच्या स्लिपवरही तेच असणार का, हे आधी विचार. अशा कंपन्या सपोर्टचं बरंच काम बाहेरच्या बीपीओंना, म्हणजे असं काम कंत्राटावर करणाऱ्या कंपन्यांना, देतात. काम तेच असतं. फरक कळतो तो कपात आली की.

अर्थात कंपनीच्या पटावर असलं म्हणजे निर्धास्त, असंही नाही. मे २०२० मध्ये उबरने एका फटक्यात सुमारे ३,७०० जणांना कमी केलं, ते ग्राहक सपोर्ट आणि भरती विभागातले. कोरोनात फेऱ्याच आटल्या, मग तक्रारी कुठून येणार? सपोर्टच्या जागा फेऱ्यांबरोबर वाढतात नि फेऱ्यांबरोबरच घटतात.

दुसरं, कोणत्या क्यूवर, म्हणजे कसल्या तक्रारींच्या रांगेवर, बसवणार? ‘छत्री गाडीत राहिली’, ‘पावती आली नाही’ ही तिकिटं (तिकीट म्हणजे नोंदवलेली एकेक तक्रार) तयार उत्तरांवर निघतात, म्हणून आधी चॅटबॉटकडे जातात. अपघात, छेडछाड, पैशांचे वाद, ड्रायव्हरचं बंद पडलेलं खातं, इथे माणूस लागतो. (जीव शिणतो, हेही खरं. रात्रपाळीत जास्तच.)

समज, विमानतळावरचं तिकीट आलं. प्रवासी म्हणते, गाडी आलीच नाही आणि वर रद्द केल्याचे पैसे कापले. ड्रायव्हर म्हणतो, मी थांबलो होतो. नकाशावर दोघांचे ठिपके एकावर एक. तयार उत्तर म्हणणार, आकारणी बरोबर आहे. प्रत्यक्षात ती खाली आगमनाच्या दाराशी, तो वर निर्गमनाच्या रस्त्यावर. पैसे परत करून तिकीट बंद करता येतं. पण त्याच दाराची जुनी तिकिटं शोधून, पिकअपची खूण बदला असं टिपण वर पाठवलंस, तर उद्याच्या तक्रारी थांबतात. तिकिटामागचा तुझा सरासरी वेळ वाढेल, टीम लीडर कुरकुरेल. कुरकुरू दे. रोज नको, पण अधूनमधून एवढं कर आणि त्या टिपणांची नोंद ठेव. क्वालिटी किंवा ऑपरेशन्समध्ये अंतर्गत जागा निघाली की मुलाखतीत तेच दाखवायचं असतं.

रात्रपाळीचा भत्ता आणि घरी सोडायची गाडी लेखी माग. ऑफर लेटर आलं की सही करण्याआधी मला पाठव. नोटीस पिरियडचं कलम बघायचंय.

तुझा,
काका