वहीतला रिकामा रकाना : पहिल्या ट्रायथलॉनपूर्वीची भीती

पोहणे, सायकल आणि धावणे लागोपाठ करायच्या ट्रायथलॉन या स्पर्धेत पहिल्यांदाच उतरू पाहणारी माणसे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "मी सगळ्यांच्या शेवटी आले तर?" गोव्यात हा प्रश्न अलीकडे वरचेवर कानी येतो, आणि त्याला कारणही आहे. २०१९ साली पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर आयर्नमॅन ७०.३ ही स्पर्धा प्रथम झाली आणि त्यानंतर या खेळाचे नाव घरोघरी पोहोचले. मात्र त्या स्पर्धेत १.९ किलोमीटर समुद्रात पोहावे लागते, ९० किलोमीटर सायकल चालवावी लागते आणि वर २१.१ किलोमीटर धावावे लागते. ट्रायथलॉन म्हणजे एवढेच अंतर, अशी समजूत त्यामुळे पुष्कळांची झाली आहे. वास्तविक नवख्यांसाठी स्प्रिंट हा प्रकार आहे. त्यात ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे असते. ज्यांची हकिगत मी येथे सांगणार आहे, त्यांनी याच प्रकारासाठी नाव नोंदवले होते. त्यांच्या संमतीने लिहीत आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

फोंडा तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात शिकवणाऱ्या या शिक्षिका ४३ वर्षांच्या. पहाटे सायकल चालवणाऱ्या एका गटात त्या काही वर्षांपासून होत्या आणि गटातल्या मैत्रिणींच्या आग्रहामुळे त्यांनी स्पर्धेत नाव दिले होते. चतुर्थी होऊन गेल्यावर त्या माझ्याकडे आल्या. स्पर्धा जानेवारीत होती. रात्री झोप लागत नाही, पहाटे छातीत धडधडते आणि वर्गात शिकवताना मध्येच लक्ष उडते, अशी त्यांची तक्रार होती. "मॅडम, आमच्या शाळेतली मुलं तिथे बघायला येणार. टीचर शेवटी आली, असं ती वर्षभर म्हणत राहतील," असे त्या म्हणाल्या. असे म्हणताना त्यांचे डोळे भरून आले, म्हणून ही भीती खोटी आहे असे मला क्षणभरही वाटले नाही. मात्र तेवढ्यावरून झोप उडावी हे पटतही नव्हते, कारण शर्यतीत मागे पडण्याचा अनुभव त्यांना नवा नव्हता. पाच किलोमीटरच्या एका शर्यतीत त्या अगदी मागच्या गटात आल्या होत्या आणि ते त्यांनी हसत हसत सांगितले होते.

पुढच्या भेटीला मी त्यांना सरावाची वही घेऊन यायला सांगितले. माझ्या अनुभवात माणसाच्या बोलण्यापेक्षा त्याची वही जास्त बोलते. शाळेच्या हजेरीपटासारखी आखलेली ती वही होती. आठवड्याचे सात दिवस उभे आणि पोहणे, सायकल, धावणे असे तीन रकाने आडवे. सायकलचा रकाना हिरव्या शाईने गच्च भरलेला होता : बोरी पूल, फर्मागुढीचा चढ, पुन्हा बोरी पूल. धावण्याच्या रकान्यातही नियमित नोंदी होत्या. पोहण्याच्या रकान्यात मात्र जुलैपासून अंतराऐवजी कारणे लिहिलेली होती : पाऊस, सर्दी, पेपर तपासणी, तलाव बंद, पाहुणे. यातले प्रत्येक कारण खरे होते, याबद्दल मला शंका नाही. पण ज्या दिवशी पोहण्यासमोर "पाऊस" लिहिले होते, त्याच दिवशी त्या भर पावसात बोरी पुलापर्यंत सायकलने जाऊन आल्या होत्या. मी त्या दोन ओळींवर बोट ठेवले. त्यांनी बराच वेळ काही उत्तर दिले नाही आणि मग मे महिन्यातली एक गोष्ट सांगितली.

मे महिन्यात गटाबरोबर त्या मिरामारला समुद्रात उतरल्या होत्या. जलतरण तलावात त्यांना बऱ्यापैकी पोहता येत होते. छातीभर पाण्यात गेल्यावर त्यांनी तोंड पाण्यात घातले, तर खाली काहीच दिसेना. मांडवी जिथे समुद्राला मिळते तिथले पाणी गढूळ असते; तलावाच्या तळाशी असते तशी काळी रेघ तिथे नसते. श्वास अडकल्यासारखा झाला, हातपाय कापू लागले आणि त्या मागे फिरल्या. पोट बिघडले आहे, असे त्यांनी मैत्रिणींना सांगितले. त्यानंतर पोहण्याचा विषय निघाला की त्या सायकलवर अधिक मेहनत घेऊ लागल्या.

पहिल्या ट्रायथलॉनची तयारी करणाऱ्यांमध्ये हा प्रकार मी इतका पाहिला आहे की त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते. ज्या गोष्टीची भीती वाटते ती टाळली की त्या क्षणी सुटल्यासारखे वाटते, आणि ते सुटणेच पुढच्या वेळी टाळायला शिकवते. आळशी माणसाचे टाळणे घरच्यांच्या लगेच लक्षात येते. कष्टाळू माणसाचे टाळणे मात्र कोणालाच दिसत नाही, कारण तो दुसरीकडे घाम गाळत असतो आणि सगळे त्याचे कौतुक करत असतात. तीन खेळांच्या स्पर्धेत तर ही सोय आयतीच मिळते. जे आधीपासून जमते त्यात आणखी तास घालता येतात. शिवाय शेवटी येण्याची भीती बोलून दाखवायला संकोच वाटत नाही, कारण समोरचा माणूस "काही नाही गं, तू करशील" म्हणून धीर देतो. पाण्यात जीव घाबरतो हे सांगायला मात्र लाज वाटते. म्हणून बोलता येणारी भीती पुढे होते आणि तिच्या आड दुसरी तशीच राहते.

ही दुसरी भीती वेडगळ नाही, हे मी त्यांना सर्वांत आधी सांगितले. ट्रायथलॉनमध्ये जे थोडे मृत्यू होतात, त्यांतले बहुतेक पोहण्याच्या टप्प्यात होतात. म्हणूनच समुपदेशन पुढे नेण्याआधी मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवले. छातीत धडधड हे भीतीचे लक्षण असते तसे हृदयाचेही असू शकते, आणि चाळिशीनंतर हा फरक आपल्या मनाने ठरवू नये. रक्तदाब, साखर आणि ईसीजी तपासून डॉक्टरांनी हरकत नसल्याचे सांगितले, तेव्हाच आम्ही पुढे गेलो. व्यायाम करताना छातीत दुखणे, भोवळ येणे किंवा जवळच्या नात्यात कमी वयात हृदयविकार असणे यांपैकी काही असेल, तर ही पायरी कोणीही गाळू नये.

श्वास का अडकतो, हे समजल्यावर त्यांना अर्धा आधार मिळाला. घाबरलेला माणूस तोंड पाण्यात घालताच श्वास रोखून धरतो. डोके वर काढले की तो आणखी हवा आत ओढू पाहतो, पण फुप्फुसे आधीच भरलेली असतात, कारण आतली हवा त्याने सोडलेलीच नसते. शरीरात कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि त्यामुळे गुदमरल्यासारखे वाटते. अशा वेळी उपाय श्वास घेण्यात नसून सोडण्यात असतो : तोंड पाण्यात असताना बुडबुडे काढत सावकाश आणि पूर्ण श्वास सोडायचा. हे ऐकायला सोपे वाटते, पण भीतीच्या क्षणी शरीर नेमके उलटे करू पाहते, म्हणून ते अंगवळणी पडेपर्यंत करावे लागते.

मग आम्ही पायऱ्या ठरवल्या. प्रत्येक पायरीवर भीती शून्य ते दहा यांपैकी किती, हे त्यांनी वहीत लिहायचे आणि आकडा निम्म्यावर उतरेपर्यंत त्याच पायरीवर थांबायचे, असा नियम केला. भीती शिगेला पोहोचलेली असताना पाण्याबाहेर आले तर मन "बाहेर आलो म्हणून वाचलो" एवढेच शिकते. पावसाळा पूर्ण सरेपर्यंत समुद्राचे नावही काढायचे नव्हते. गोव्यात जून ते सप्टेंबर या काळात समुद्र खवळलेला असतो, ओढ जबरदस्त असते आणि जीवरक्षक पाण्यात उतरू देत नाहीत. त्या दिवसांतले धाडस म्हणजे भीतीवर मात नव्हे. म्हणून सप्टेंबरभर त्या कांपालच्या तलावात शनिवार-रविवारी जाऊ लागल्या. सुरुवात काठ धरून बुडबुडे सोडण्यापासून झाली. पुढे डोळे मिटून काही हात मारणे आले, आणि त्यानंतर तलावाच्या मध्यावर मुद्दाम थांबून, पाठीवर उलटून, दहा वेळा सावकाश श्वास सोडून पुन्हा पोहू लागणे आले. ही शेवटची गोष्ट मी सर्वांत महत्त्वाची मानते. खोल पाण्यात आपण थांबू शकतो आणि तरीही बुडत नाही, हा अनुभव एकदा अंगात मुरला की पुढचे पुष्कळ सोपे होते.

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात प्रशिक्षकांबरोबर समुद्र सुरू झाला. जीवरक्षकांनी पोहण्यासाठी आखलेला लाल-पिवळ्या झेंड्यांमधला भाग, जीवरक्षक कामावर असताना, भरती-ओहोटी पाहून आणि एकट्याने कधीच नाही, एवढ्या अटी पक्क्या होत्या. आधी कमरेएवढ्या पाण्यात तोंड बुडवणे झाले. मग छातीएवढ्या पाण्यात किनाऱ्याला समांतर पोहणे, म्हणजे वाटेल तेव्हा पाय टेकता येतील. एकदा आकडा नऊवर गेला आणि त्या बाहेर आल्या. त्या दिवशीची नोंद त्यांनी लाल शाईने केली होती. आम्ही एक पायरी खाली उतरलो, दोन आठवडे तिथेच राहिलो आणि मग पुन्हा वर गेलो. अशी माघार बहुतेकांच्या वाट्याला येते. तिच्यामुळे आधी कमावलेले वाया जात नाही. डिसेंबरात त्या पाय न टेकणाऱ्या पाण्यात बोयापर्यंत, म्हणजे खुणेसाठी तरंगत ठेवलेल्या फुग्यापर्यंत, जाऊन परत आल्या. दर काही हातांनंतर डोके किंचित वर काढून दिशा पाहण्याची सवयही तेव्हाच झाली.

शेवटी येण्याच्या भीतीकडे आम्ही नंतर वळलो. ते काम कागद-पेन्सिलीचे निघाले. पोहायला २८ मिनिटे, पोहण्यावरून सायकलवर जाण्याच्या पहिल्या बदलाला ६, सायकलला ५५, सायकलवरून धावण्याकडे वळण्याच्या दुसऱ्या बदलाला ४ आणि धावायला ४०, असा त्यांच्या सवयीच्या वेगापेक्षा सावकाश हिशेब केला, तर बेरीज २ तास १३ मिनिटे आली. आयोजकांनी दिलेल्या मुदतीशी ती ताडून पाहिली, तेव्हा त्या मुदतीच्या आत चांगल्या बसत होत्या. मग मी विचारले की शेवटी आलात तर मुले नेमके काय म्हणतील. थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "म्हणतील, टीचर पोहली." असे मी सुचवले नव्हते.

नियम वाचायलाही मी त्यांना बसवले, कारण अर्धी धास्ती नियम ठाऊक नसल्याची असते. कोणत्याही पद्धतीने पोहले तरी चालते, पाठीवरसुद्धा. दमल्यास बोया किंवा थांबलेली होडी धरून विसावा घेता येतो, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचे नाही. मदत हवी असेल तर हात वर करायचा. सायकल स्टँडवरून काढण्यापूर्वी हेल्मेट डोक्यावर घालून बक्कल लावलेले असले पाहिजे आणि सायकल परत ठेवेपर्यंत ते काढायचे नाही. सायकलवरून उतरल्यावर धावू लागताना पाय शिशाचे झाल्यासारखे वाटतात, हे त्यांनी सरावात दोन्ही लागोपाठ करून आधीच अनुभवले होते.

पोशाखाचा संकोच त्यांनी सर्वांत उशिरा सांगितला. माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळ बायकांना तो असतो, आणि त्याला क्षुल्लक म्हणणे मला योग्य वाटत नाही. फोंड्यासारख्या गावात पालक, विद्यार्थी आणि सासरची माणसे यांच्या नजरेचे वजन असते. काय चालते हे त्यांनी आयोजकांना विचारून घेतले. गुडघ्याच्या वरपर्यंत येणारा ट्रायसूट, म्हणजे तिन्ही टप्प्यांत चालणारा अंगाबरोबरचा पोशाख, ठरला आणि पाण्याबाहेर आल्यावर त्यावर घालायला एक सैल टी-शर्ट. यजमानांचा सुरुवातीचा विरोध मुळात काळजीपोटीच होता. एका शनिवारी ते तलावाच्या काठावर येऊन बसले, त्यानंतर तोही मावळला.

स्पर्धेच्या दिवशी माझ्या सांगण्याप्रमाणे त्या घोळक्याच्या मागे, कडेला उभ्या राहिल्या आणि बाकीच्यांना पुढे जाऊ दिल्यावर पाण्यात शिरल्या. पहिल्या बोयाजवळ आकडा सातवर गेला. होडी धरून त्यांनी दहा श्वास सोडले आणि पुढे गेल्या. एकूण दोनदा थांबल्या. पोहण्याला ठरवल्यापेक्षा चार मिनिटे जास्त लागली, ती सायकलवर भरून निघाली. त्यांच्या मागे दोघेच होते. झोप तर डिसेंबरातच सुधारली होती.

अशा तयारीला प्रत्येकाकडे चार महिने असतातच असे नाही. स्पर्धा महिन्यावर आली आहे आणि जीवरक्षकांच्या नजरेखाली, सोबतीने, छातीभर समुद्रातही पोहता येत नाही, अशी स्थिती असेल तर त्या वेळी समुद्रात उतरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आयोजकांना विचारून नाव पुढच्या वर्षावर टाकता येते का ते पाहावे, किंवा धावणे-सायकल-धावणे अशी ड्युएथलॉन निवडावी. ड्युएथलॉन निवडली तरी पोहण्याचा रकाना वहीतून काढू नये. त्यात पुढच्या आठवड्याची तारीख, तलावाची वेळ आणि सोबत कोण येणार त्याचे नाव त्याच दिवशी लिहावे.