'ट्रायो' सोनाट्यात पाच जण कसे?

विचारणा अशी आहे: कार्यक्रमपत्रिकेत 'झेलेंका: दोन ओबो, बासून आणि कंटिन्युओसाठी ट्रायो सोनाटा' असं छापलं होतं (सोनाटा म्हणजे वाद्यांसाठीची रचना; ओबो आणि बासून ही फुंकून वाजवायची वाद्यं, त्यातलं बासून खालच्या स्वरांचं) आणि मंचावर पाच वादक बसले. मग 'ट्रायो'ला 'त्रिकूट' म्हणणं बरोबर का? आणि 'कंटिन्युओ'साठी 'आधारस्वर' चालेल का?

माझ्या मते दोन्ही नकोत.

त्रिकूट म्हटलं की माणसं डोळ्यांपुढे येतात, तीही बहुधा उचापती करणारी. जुन्या इटालियन प्रतींवर 'सोनाता आ त्रे' असं असतं, आणि त्यातले तीन म्हणजे सुरावटीच्या ओळी. इटालियन संगीतकार कोरेल्लीचा अशा सोनाट्यांचा पहिला संच १६८१ साली रोममध्ये छापला गेला. त्यात वरच्या दोन ओळी व्हायोलिनच्या आणि तिसरी खर्जाची. ही तिसरी ओळ सहसा दोघे मिळून वाजवत: चेलो किंवा बासूनवाला ती जशी लिहिली तशी धरून ठेवतो, तर हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) किंवा ऑर्गनवाला डाव्या हाताने तीच वाजवत उजव्या हाताने वरचा स्वरमेळ भरतो. ओळी तीन, माणसं चार. उलट बाखचे ऑर्गनसाठीचे सहा ट्रायो सोनाटे एकटा माणूस वाजवतो. दोन हातांना दोन ओळी, तिसरी पायांना.

झेलेंकाने हिशेब आणखी बिघडवला. हा बोहेमियाचा माणूस ड्रेस्डेनच्या दरबारात खर्जाचं तंतुवाद्य वाजवायचा, आणि त्याच्या सहा सोनाट्यांत (१७२०च्या दशकाच्या सुरुवातीचे) ते कळतं. खालच्या वाद्यांना तो नुसतं हमालीला जुंपत नाही. बासून खर्जाबरोबर चालता चालता मध्येच फुटून निघतो आणि दोन्ही ओबोंच्या तोडीस तोड पळतो. अशा ठिकाणी ओळी चार होतात; 'ट्रायो' हे नाव तिथे सवयीने चिकटलेलं आहे. दोन ओबो, बासून, खर्जाला चेलो किंवा डबल बास आणि हार्पसिकॉर्ड, असे पाच जण भरतात. (तिसऱ्या सोनाट्यात एका ओबोच्या जागी व्हायोलिन आहे.)

आता 'आधारस्वर'. या शब्दाने आपल्याला तंबोऱ्याचा षड्ज आठवतो, आणि तो जागचा हलत नाही. कंटिन्युओ सारखा हलत असतो. 'बासो कंटिन्युओ' म्हणजे अथपासून इतिपर्यंत न तुटणारा खर्ज. इटालियन संगीतकार व्हियादानाने १६०२ साली आपल्या शंभर चर्चगीतांच्या शीर्षकातच तो शब्द घातला होता. वादकाला मिळते खर्जाची ओळ आणि तिच्यालगत आकडे. समजा, ओळीत शुद्ध ग आहे आणि त्याच्याजवळ ६. ग धरून मोजायचं: ग, म, प, ध, नी, सा. सहावा सा. मधला तिसरा, म्हणजे प, न लिहिताच गृहीत असतो. ग-प-सा वाजवा. आकडाच नसेल तर तिसरा आणि पाचवा. हे स्वर कसे पसरायचे, एकदम दाबायचे की उलगडत न्यायचे, हे वादकाच्या मर्जीवर.

म्हणून मी 'कंटिन्युओ' तसाच ठेवीन आणि पहिल्यांदा येईल तिथे 'अखंड खर्ज' एवढा खुलासा जोडीन. 'खर्ज' मराठी कानाला परका नाही आणि त्याला हलायची मुभा आहे. 'ट्रायो सोनाटा'ला 'तीन ओळींचा सोनाटा' म्हणता येईल, पण झेलेंकाच्या बाबतीत तेही फसवं, तेव्हा मूळ नावच बरं. वाद्यं मात्र पत्रिकेत एकेक करून छापावीत, कंटिन्युओला कोणती घेतली तीसुद्धा, कारण ती प्रत्येक मैफलीत बदलतात.

जाता जाता सामान्यरूपाचं. 'सोनाटाचा' की 'सोनाट्याचा'? तो सोनाटा, ते सोनाटे असं आपण म्हणत असू तर गोट्याचा, फाट्याचा तसा सोनाट्याचा. 'सोनाटाचा' लिहिणाऱ्यांशी माझं भांडण नाही, फक्त मग अनेकवचनही 'सोनाटा'च ठेवा.