बोअर गेज सगळीकडे सारखा, तरी प्लग जात नाही: थ्री-जॉमध्ये पातळ पाईप पकडताना

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण हेच दुखणं मी स्वतः भोगलंय.

आधी बाकीच्या मंडळींसाठी थोडक्यात: यांचं नाशिकच्या अंबडला छोटं वर्कशॉप आहे, एक सेंटर लेथ, त्यावर तीन जॉचा ट्रू चक, म्हणजे जॉब पकडणारे तिन्ही जबडे एकदम सरकतात असा. जॉब म्हणजे एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) पाईपचे स्लीव्ह, आखूड नळकांडी. बाहेरून ६३.५ एमएम, भिंत ३ एमएम, लांबी ४०, आतला बोअर, म्हणजे भोक, ५८ एच७ (५८.००० ते ५८.०३० चालतं). डायल बोअर गेज कुठल्याही दिशेने फिरवला तरी ५८.०१५ दाखवतो, म्हणजे मापात. पण पार्टीचा गो प्लग, म्हणजे बोअरमध्ये जायलाच हवा असा तपासणीचा दांडा, तोंडाशीच अडतो आणि माल परत येतो. आता सहा जॉचा चक घ्यावा की कर्ज काढून सीएनसीच (कॉम्प्युटरवर चालणारी लेथ) घ्यावी, असं यांनी विचारलंय.

माझं स्पष्ट मत, दोन्ही इतक्यात घेऊ नका. तुमचा बोअर गेज बरोबर आहे आणि पार्टीचा प्लगही बरोबर आहे. चक पाईपला ज्या तऱ्हेने दाबतोय तिथे गोम आहे, आणि नव्या चकवर तुम्ही तसंच दाबलंत तर तिथेही हेच होणार, थोडं कमी इतकंच.

काय होतं ते सांगतो. तीन जॉ आवळले की पाईप तीन जागी आत दबतो आणि दोन जॉच्या मधे बाहेर फुगतो. डोळ्याला दिसत नाही, पण दबतो. त्या दबलेल्या अवस्थेत तुमचं टूल आतून अगदी गोल बोअर मारतं. चकमध्ये असताना डायल लावलात तर काटा हलणार नाही. मग तुम्ही चक सोडता. जॉखाली दबलेली जागा बाहेर उसळते, फुगलेली जागा आत येते, आणि गोल मारलेला बोअर तिकोनी होतो.

बोअर गेजला हे का कळत नाही? तीन जॉच्या चकमध्ये कुठल्याही जॉच्या अगदी समोर, १८० अंशावर, दुसरा जॉ नसतो. तिथे मोकळी जागा असते. म्हणजे एका बाजूला भिंत आठ मायक्रॉन (०.००८ एमएम) बाहेर गेली, तर समोरच्या बाजूला भिंत तेवढीच आत आलेली असते. समोरासमोरच्या दोन टोकांतलं अंतर तेवढंच राहतं. दोन टोकांवर मोजणारा कुठलाही गेज, मग तो बोअर गेज असो, व्हर्नियर असो की बाहेरून मायक्रोमीटर, हा तिकोना पकडू शकत नाही. तीन टोकांचा इंटर्नल मायक्रोमीटर असेल तर तो थोडा थोडा फिरवून वाचा, आकडा बदलताना दिसेल.

आता तुमचाच हिशोब करा. बोअर ५८.०१५, गो प्लग ५८.०००. प्लगला एका अंगाला जागा किती, तर साडेसात मायक्रॉन. तीन ठिकाणी भिंत आठ मायक्रॉन आत आली की प्लग अडला. एवढ्या पातळ पाईपमध्ये आठ मायक्रॉन म्हणजे चावीवर जरा जास्त जोर पडला इतकंच.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. उद्या सकाळी एक जॉब चकमध्ये असतानाच मार्करने पाईपवर प्रत्येक जॉच्या जागी १, २, ३ लिहा. बोअर पूर्ण करा, काढा, आतली बर (कापताना राहिलेली धारदार कड) साफ करा. गो प्लगला ब्लू (कुठे टेकतं ते दाखवणारा निळा रंग) अगदी पातळ पुसा, हलक्या हाताने जाईल तेवढा आत घालून किंचित फिरवा आणि काढा. स्लीव्ह उजेडाकडे धरून आत बघा. निळ्या रेघा तीनच दिसतील, आणि १, २, ३ या आकड्यांखाली एकही नसेल. बरोबर त्यांच्या मधे असतील.

मला हे सातपूरला नोकरीत असताना आमच्या उस्तादांनी दाखवलं. एका वायनरीच्या पाईपलाईनसाठी पातळ रिंगांचा लॉट होता, सव्वाशे नग. सगळे मी स्वतः बनवलेले, सगळे मायक्रोमीटरवर पास, आणि सगळे परत आले. मी दोन दिवस टूल बदलत बसलो, स्पिंडलचे बेअरिंग गेले असं मालकाला सांगूनही टाकलं. उस्तादांनी एक रिंग घेतली, ब्लू लावला, आणि एक शब्द न बोलता माझ्या हातात दिली. त्या तीन रेघा मला अजून दिसतात.

तर उपाय. पैसे न लागणारे आधी.

पहिला म्हणजे दोनदा पकडणे. तुमच्याकडे काढायचा माल एकूण अर्धा एमएमच आहे, व्यासात. त्यातला ०.३ चक नेहमीसारखा आवळून काढा. मग चक पूर्ण सोडा, पाईपला मोकळा होऊ द्या, आणि जॉब घसरणार नाही एवढ्याच जोराने पुन्हा पकडून राहिलेला ०.२ काढा. फिनिशला इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) नवा आणि धारदार हवा, फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) बेताचा. पण ०.२ च्या खाली शिल्लक ठेवू नका. ३०४ ला टूल नुसतं घासत राहिलं की वरचा थर कडक होतो आणि मग कट बसतच नाही. चकच्या चावीला जोरासाठी पाईप घालून आवळायची सवय पोरांना असेल तर ती आजच बंद करा.

दुसरा उपाय मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण त्यात चकला दाबायचं तेवढं दाबू देता येतं. पाईपचे ४० एमएमचे तुकडे आधीच करू नका. १५०-२०० चा तुकडा घ्या. एमएसच्या (माइल्ड स्टील) गोळातून, म्हणजे गोल बारमधून, एक ठोस प्लग टर्न करा, पाईपच्या आत हाताने दाबून जाईल एवढाच घट्ट. ढिला असेल तर उपयोग शून्य, म्हणून हातात असलेल्या पाईपच्या मापाने करा, कागदावरच्या ५७.५ ने नाही. पाईप वेल्डेड असेल तर आत शिवणीची उभी रेघ असते, तिच्यासाठी प्लगवर फाईलने एक खाच काढा, नाहीतर प्लग वाकडा बसेल. हा प्लग जॉच्या बरोबर खाली येईल असा ठेवा आणि पाईपचा ४५ एमएम भाग चकच्या बाहेर काढा. आता जॉ पाईपला आत दाबूच शकत नाहीत. बाहेर आलेला भाग मोकळा आहे, तिथे बोअर मारा, पार्टिंग करा (कापून वेगळा करा), पाईप पुढे ओढा, प्लग मागे सरकवा. शेवटी चकमध्ये धरायला राहिलेला तुकडा वाया जातो हे खरं. पण परत आलेल्या लॉटपेक्षा तो तुकडा स्वस्त आहे.

तिसरा, फाट मारलेली बुश. ९० एमएमच्या आसपासचा गोळ घ्या, त्यात पाईपच्या ओडीएवढा (बाहेरच्या व्यासाएवढा) बोअर मारा, लांबी स्लीव्हएवढी, आणि एका जागी हॅक्सॉने आरपार काप द्या. पाईप बुशमध्ये, बुश चकमध्ये. जॉचा जोर बुशमधून पाईपच्या जवळजवळ सगळ्या परिघावर पसरतो. काप दोन जॉच्या मधे ठेवायचा, जॉच्या खाली नाही. पाईपची ओडी प्रत्येक लांबीला थोडी वेगळी येते, म्हणून लॉट आला की पाच-सहा ठिकाणी मोजून मगच बुशचा बोअर ठरवा. बोअर मोठा झाला तर बुश पाईपला फक्त प्रत्येक जॉच्या खालीच टेकते आणि आपण पुन्हा तिथेच येतो.

यापुढची पायरी सॉफ्ट जॉची, म्हणजे मऊ, हव्या मापाला कापता येणाऱ्या जॉची. तुमच्या चकला वरचे जॉ बोल्टने बसणारे असतील तर अ‍ॅल्युमिनियमचे किंवा एमएसचे रुंद जॉ करून घ्या. पाव कापल्यासारखे तीन तुकडे, मिळून जवळजवळ पूर्ण वर्तुळ होईल असे. ते चकवरच, पाईपच्या ओडीला बोअर करायचे. इथे बहुतेक जण एक चूक करतात. जॉ नुसते हवेत मोकळे ठेवून बोअर मारतात. स्क्रोलमध्ये (जॉ सरकवणारी चकमधली आट्यांची चकती) खेळ असतो, जॉब पकडल्यावर जॉ त्या खेळाएवढे तिरके होतात आणि केलेला बोअर फुकट जातो. जॉच्या मागच्या टोकाला एखादी रिंग किंवा चकती पकडून, म्हणजे पकडीचा जोर ज्या दिशेला येणार त्याच दिशेला आवळून, मग पुढचा भाग बोअर करा. आणि हे जॉ काढले की नंबर बघूनच परत बसवा, एकच्या खाचेत एक, दोनच्या खाचेत दोन.

हे सगळं करायच्या आधी तुमचा आत्ताचा चक तपासा. जुन्या चकचे जॉ तोंडाशी झिजतात, मागे पकडतात आणि पुढे मोकळे राहतात. वर्तमानपत्राच्या अर्धा इंच रुंदीच्या पट्ट्या कापा. एक चांगला ग्राइंड केलेला रॉड घ्या, एकेका जॉखाली एक पट्टी पुढच्या टोकाला आणि एक मागच्या टोकाला ठेवून हलकेच आवळा आणि ओढून बघा. मागची फाटते आणि पुढची अलगद निघून येते, असं झालं तर जॉला तोंड आलंय. असा चक पाईप नीट धरू शकत नाही, बाहेर आलेलं टोक डुलतं. टूलपोस्ट ग्राइंडर असलेल्या माणसाकडून जॉ चकवरच ग्राइंड करून घ्या, तेसुद्धा वर सांगितलं तसं रिंगवर आवळून. ग्राइंडिंगची भुकटी स्क्रोलमध्ये जाते, म्हणून नंतर चक उघडून धुवा आणि नवं ग्रीस भरा. कोरड्या चकमध्ये तुम्ही चावीवर लावलेल्या जोरातला मोठा हिस्सा घर्षणातच मरतो. मग पोरगा आणखी आवळतो, आणि पाईप आणखी दबतो.

तीन पिनियनपैकी (चावी लावायच्या जागा) एका पिनियनने आवळल्यावर जॉब सगळ्यात कमी डुलतो. ते एकदा डायल लावून शोधा, तिथे पंच मारा, आणि नेहमी तिथूनच शेवटचं आवळा. तरीही ट्रू चककडून पाच-सात शतांश एमएमच्या आतल्या रनआउटची (फिरताना डुलण्याची) अपेक्षा ठेवू नका, चांगल्या चकचंही तेच आहे. त्याहून कमी हवं असेल तर चार जॉचा डॉग चक, ज्यात प्रत्येक जॉ वेगळा सरकतो, आणि डायल.

सहा जॉच्या चकबद्दल. तो चांगला आहे, खोटं बोलणार नाही. एकूण जोर तेवढाच ठेवला तर सहा जागी वाटला गेल्यामुळे पाईप खूपच कमी दबतो. पण कच्च्या, थोड्या ओव्हल पाईपवर सहाच्या सहा जॉ सारखे टेकत नाहीत, कधी दोन तर कधी चारच जॉ खरे पकडतात. ओडी आधी मशीन झालेली असेल तर मग तो राजा. तुमचं काम कच्च्या पाईपपासून सुरू होतं, म्हणून तुमच्यासाठी आत्ता बुश आणि रुंद सॉफ्ट जॉच.

आणि सीएनसी घेतलीत तरी तिथेही तीन जॉच असतात, फक्त हायड्रॉलिक. ऑपरेटरचा हात जाऊन प्रेशर गेज येतो, हा फायदा आहेच, एकदा प्रेशर बसवलं की प्रत्येक नग सारखा दाबला जातो. पण प्रेशर कमी ठेवून आरपीएम वाढवलात तर जपा. फिरताना जॉ स्वतःच्या वजनाने बाहेर ओढले जातात आणि हे बल आरपीएमच्या वर्गाने वाढतं. १५०० वरून ३००० केलं की चौपट. बाहेरून पकडलेल्या जॉबची पकड तेवढी सुटते. चकवर कोरलेला कमाल आरपीएम हा पूर्ण जोराने पकडलेल्या चकचा असतो, हलक्या पकडीचा नाही.

भिंतीबद्दल एक गोष्ट पुढच्या कोटेशनसाठी लक्षात ठेवा. पाईप किती वाकेल हे भिंतीच्या जाडीच्या घनावर ठरतं. भिंत निम्मी झाली की त्याच जोराला पाईप आठपट दबतो. म्हणून ५ एमएम भिंतीच्या पाईपला वर्षानुवर्षं काही झालं नाही आणि ३ ची ऑर्डर आल्याबरोबर रिजेक्शन सुरू झालं, तर तुमचा हात बिघडलेला नाही.

रॉडचं तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंय. ठोस रॉड दबत नाही, तिथे हा प्रश्नच नाही. २० एमएमच्या आतला ब्राइट (गुळगुळीत) बार असेल तर ईआर३२ कोलेट चक घ्या. कोलेट म्हणजे बारभोवती सगळीकडून मिटणारी, फाटा असलेली बुश. ईआर कोलेट स्विस कंपनी रेगो-फिक्सने १९७२ मध्ये आणले, आता सगळीकडे मिळतात. एक कोलेट साधारण एक एमएमच मिटतो, त्यापेक्षा बारीक बार त्यात दाबून पकडला की कोलेट कायमचा खराब होतो. कोलेट आधी नटमध्ये तिरका घालून खटकन बसवायचा, मग नट चकवर. काळ्या (गरम लाटलेल्या, खपल्यांच्या) बारला कोलेट लावू नका, खपल्या आत अडकतात. त्याला ट्रू चकच बरा.

आणि रॉड स्पिंडलच्या मागून बाहेर लोंबत ठेवू नका. आमच्या शेजारच्या शेडमध्ये १२ एमएमचा रॉड हेडस्टॉकच्या मागे दोन फूट बाहेर होता, पोराने आरपीएम वाढवला, आणि रॉड काटकोनात वाकून चाबकासारखा फिरायला लागला. पत्र्याच्या भिंतीला भोक पडलं. तिथे दोन मिनिटांपूर्वी हेल्पर झाडत होता. मागे आधार देता येत नसेल तर बार कापूनच घ्या. चकच्या चावीचंही तसंच, हात सुटला की चावी चकमधून बाहेर, ती चकमध्ये ठेवून वळायचं नाही.

तर उद्या ब्लूची चाचणी करा आणि आतल्या रेघांचा फोटो इथे टाका, मार्करचे आकडे दिसतील असा. तीन रेघा आल्या तर बुशपासून सुरुवात करा. माझ्याकडे त्याच वायनरीच्या कामातली ६३.५ ची फाट मारलेली बुश ड्रॉवरमध्ये पडून आहे, बोअर थोडा साफ करावा लागेल. मेसेज करा, सातपूरला येऊन घेऊन जा.