शहरात हार्टचे पेशंट जास्त, मग गावात खरंच कमी का?

प्रश्न : डॉक्टर नमस्कार, आमचं गाव भुदरगड तालुक्यात, गारगोटीच्या पुढं. इकडं सगळे म्हणतात हार्ट अटॅक आणि लकवा ही शहरातली दुखणी, कोल्हापुरातले दवाखाने बघा कसे भरलेत, आपल्याकडं शेतातलं काम, चांगली हवा, ॲडमिट कोण होतंय? वडील ६२ वर्षांचे आहेत, याच भरवशावर त्यांनी बीपीची गोळी दोन महिने झाले बंद केलीय. चालेल का?
– एक वाचक, भुदरगड

उत्तर : नाही चालणार, गोळीचं वाचून मला खरंच काळजी वाटली.

ॲडमिटच्या आकड्यात फक्त दवाखान्यात पोचलेला माणूस येतो, जो घरीच किंवा वाटेत दगावला तो त्यात नसतोच. आणि जिथं खाट तिथं नोंद, राधानगरीचा पेशंट कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात आला की मोजला जातो कोल्हापुरात, चंदगडची माणसं तर जवळ पडतं म्हणून बेळगावला जातात, ती आपल्या जिल्ह्यात दिसतच नाहीत. भागाभागात खरा फरकही असतो, देशात २०१६ च्या अभ्यासात हृदयविकार केरळ, पंजाब, तमिळनाडूत जास्त दिसला आणि स्ट्रोक म्हणजे लकवा बंगाल-ओडिशाकडं, पण गावात बीपी, शुगर, तंबाखू, मिश्री, खारातलं लोणचं हे सगळं आहेच की.

मागं एक आजी आल्या होत्या, उजवा हात खांद्यापासनं तेलानं माखलेला, वर कसला तरी पाला बांधलेला. कधी झालं विचारलं तर मुलगा म्हणाला, "परवा सकाळी अंगावरनं वारं गेलं, मालिश चालू होतं." लकव्यात मेंदूत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे बघून. आजींचा हात नंतर उचललाच नाही. हे अजून मनातून जात नाही माझ्या.

तुमच्याकडनं कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर, म्हणून तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एका बाजूचा हात पडला किंवा छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला तर मालिश नको, गॅसची गोळी नको, लगेच १०८ ला फोन करा आणि कधी सुरू झालं ती वेळ लिहून ठेवा. सीटी स्कॅन कुठं होतो हे आजच विचारून ठेवा.

वडिलांचं बीपी उद्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात मोजून घ्या, जुनी चिठ्ठी सोबत न्या आणि गोळी डॉक्टरांना विचारून परत चालू करा. त्रास होत नाही म्हणून बंद केली असेल तर त्यांना एवढंच सांगा, बीपी वाढलं तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही.