खरेदीच्या कामाला लागलेल्या पोरास

चि. बाळास सप्रेम सलाम,

कापसाच्या खेडा खरेदीत, म्हणजे गावोगाव शेतकऱ्याच्या अंगणातून माल घेण्याच्या धंद्यात, तू कामाला लागलास, हे तुझ्या आईकडून कळलं. काटा आता इलेक्ट्रॉनिक आहे, मापात पाप व्हायचं भ्या नाही, असं तू तिला म्हणालास म्हणे. काट्यावर लक्ष ठेवच. पण मला काळजी आहे ती तुझ्या जिभेची.

बायबलमधलं नीतिसूत्रे २०:१४ उघडून बघ. घेणारा "वाईट आहे, वाईट आहे" म्हणतो आणि तिथून निघाल्यावर फुशारकी मारतो. आपल्याकडे अंगणाअंगणात हेच चालतं. गंजीतून मूठभर कापूस उचलायचा, "कवडी आहे, ओल आहे" म्हणत, म्हणजे माल डागी-किडका नि ओला ठरवत, नाक मुरडायचं, भाव पाडायचा, वर कडता, म्हणजे वजनातली सूट, कापायचा. आणि तोच माल सरकी काढणाऱ्या जिनिंगला एक नंबर म्हणून घालायचा. घरात दुखणं असतं, कृषी केंद्राची उधारी असते, बाजार समितीत न्यायला गाडी नसते. असा शेतकरी त्या एका शब्दावर माल देऊन टाकतो. काटा खरा असला तरी चोरी झालेलीच असते, आणि ती तुझ्या तोंडानं झालेली असते.

माल कवडी असेल तर कवडी म्हण, त्यात संकोच नको. ओलीबद्दल बोलायचं तर आधी मीटर लाव, आकडा त्याला दाखव. सीसीआय (सरकारी कापूस महामंडळ) ८ टक्के ओलीपर्यंत पूर्ण हमीभाव देते, १२ टक्क्यांच्या वर माल घेत नाही. हे ज्याला ठाऊक नसेल त्याला तूच सांग, मग सौदा मोडला तरी चालेल.

बायबलच्याच अनुवाद या पुस्तकात, २५:१३ मध्ये, पिशवीत लहान-मोठी अशी दोन वजनं ठेवायला मनाई आहे. त्या काळचे व्यापारी दगडाची वजनं सोबत बाळगत. सरपंचाच्या अंगणात एक बोली आणि एकट्या बाईच्या अंगणात दुसरी, हीसुद्धा दोन वजनंच, असं मी मानतो.

चुकाऱ्याचंही, म्हणजे पैसे चुकते करण्याचंही, तसंच. मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात गुंतलेला असतो, असं अनुवाद २४:१५ सांगतं. आपल्याकडे वेचणीचा हिशेब बहुधा आठवडी बाजाराच्या दिवशी होतो. आधी तसं ठरलं असेल तर मला त्यात गैर दिसत नाही. पण ठरलेला चुकारा पुढच्या बाजारावर ढकलू नकोस. वेचणाऱ्या बाईचं तेल-मीठ त्याच पैशावर असतं. हमालांचंही तेच.

मालक तुला "कवडी म्हण" असं सांगणार, हे धरून चाल. तेव्हा चारचौघांत त्याला उलटून बोलू नकोस. मत्तय १८:१५ प्रमाणे एकट्यात गाठ आणि मला हे बोलता येणार नाही, असं शांतपणे सांग. ऐकलं तर उत्तम. नाही ऐकलं तर ते काम सोड आणि सरळ माझ्याकडे ये. दुसरं काम आपण दोघं मिळून शोधू.

तुझा,
काका