किरणोत्सारी मालाच्या पेट्या आणि तुमची लेक

सांगलीहून एका वडिलांचं पत्र आहे: मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. किरणोत्सारी पदार्थ ज्या पेट्यांतून नेतात, त्या आपटून तपासण्याच्या कामात तिला जायचंय. तब्येतीला धोका आहे का आणि नोकऱ्या मिळतील का, असं ते विचारतात.

नमस्कार,

ड्रॉप टेस्टच्या, म्हणजे पेटी उंचावरून टाकून बघण्याच्या वेळी तिच्यात किरणोत्सारी माल नसतो, तेवढ्याच वजनाचा साधा भार असतो. त्यामुळे त्या कामाची भीती मनातून काढून टाका. पुढे कधी भरलेल्या पेट्यांजवळ काम करावं लागलंच, तर अंगावर डोस मोजणारा बॅज असतो आणि मर्यादाही ठरलेली आहे: पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट (अंगावर पडलेल्या किरणांचा डोस मोजायचं एकक), एका वर्षात ३० च्या वर नाही.

काम मात्र फार सुंदर आहे. जास्त धोक्याच्या मालासाठीची ‘टाइप बी’ पेटी ९ मीटरवरून सोडतात. खाली काँक्रीटच्या प्रचंड ठोकळ्यावर बसवलेली जाड पोलादी प्लेट असते. ती दबत नाही, म्हणून सगळा मार पेटीलाच खावा लागतो. मग १ मीटरवरून १५ सेंमी जाडीच्या पोलादी खुंटावर, आणि शेवटी ८०० अंशांच्या आगीत अर्धा तास. आपटताना पेटीचा वेग ताशी जेमतेम ४८ किमी असतो. ट्रक तर याहून जोरात धावतात, असं कुणीही म्हणेल; पण रस्त्यावर समोरची वस्तूही चेपते, इथे ती चेपत नाही. १९८४ मध्ये ब्रिटनमधल्या ओल्ड डॅल्बीला ताशी १६० किमी वेगाचं रेल्वे इंजिन अशा पेटीवर घातलं, तरी पेटी शाबूत राहिली.

इंजिनिअरचा कस लागतो तो कोन निवडताना. कोपऱ्यावर पडली तर झाकणाचे बोल्ट ताणले जातील, उभी पडली तर किरणं अडवणारं आतलं शिसं खाली सरकून वर फट पडेल. सगळ्यात वाईट कोन आधी गणिताने शोधायचा आणि मग आपटून तपासायचा.

नोकऱ्या थोड्या आहेत, हे स्पष्ट सांगतो. मुंबईत ट्रॉम्बेचं बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र), किरणोत्सारी पदार्थ पुरवणारं वाशीचं ब्रिट आणि पेट्यांना मंजुरी देणारं एईआरबी (अणुऊर्जा नियामक मंडळ), एवढीच मुख्य ठिकाणं. बीएआरसीच्या ट्रेनिंग स्कूलला ‘गेट’ या इंजिनिअरिंगच्या परीक्षेचे गुण किंवा बीएआरसीची स्वतःची परीक्षा मुलाखतीपर्यंत नेते. मुलाखतीत पायाभूत विषय खोलवर विचारतात. निवड झाली तरी हाच विभाग मिळेल, याची खात्री नाही.

म्हणून तिने आघाताचं शास्त्रच पक्कं करावं: फायनाइट एलिमेंट (वस्तूचे छोटे तुकडे कल्पून संगणकावर ताण काढायची पद्धत), झटक्याखाली धातू कसा वागतो, स्ट्रेन गेज (धातू किती ताणला ते मोजणारी पट्टी) लावणं. पुण्यात गाड्यांच्या क्रॅश टेस्टिंगला हेच लागतं, त्यामुळे एक दार बंद झालं तरी शिक्षण वाया जात नाही. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला लाकडी आवरणाची छोटी पोलादी पेटी वेगवेगळ्या कोनांतून टाकून बघू दे. प्रत्येक वेळी धक्का किती बसेल याचं उत्तर आधी वहीत लिहायचं आणि मगच पेटी सोडायची. आकडे जुळले नाहीत, तर का जुळले नाहीत ते शोधण्यात तिचे दोन-तीन महिने जाऊ देत. मुलाखतीत ती ज्यावर तासभर बोलू शकेल, ते तिथेच सापडेल.