चर्चमधले स्वसंरक्षण : अलाबामातल्या दोन काउंट्यांचा कौल

प्रश्न : मुलगी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात असते. २०२० च्या तिथल्या मतपत्रिकेवर म्हणे चर्चमधल्या स्वसंरक्षणाचा प्रश्न होता, तोही दोनच काउंट्यांपुरता (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग). मग मतदान राज्यभर का? आणि चर्चबाहेर हा हक्क नाही का?

उत्तर : ३ नोव्हेंबर २०२० रोजी क्रमांक ५ ची घटनादुरुस्ती फ्रँकलिन काउंटीसाठी आणि ६ ची लॉडरडेलसाठी मतदानाला आली. दोन्ही मंजूर झाल्या.

अलाबामात काउंटीच्या हाती अधिकार बेताचेच. १९०१ च्या राज्यघटनेने सत्ता राजधानीत गोळा केली, म्हणून एका काउंटीच्या कामालाही अनेकदा घटनाच दुरुस्त करावी लागते. विधिमंडळात एकही विरोधी मत पडले नाही, तर मतदान त्या काउंटीपुरते ठेवता येते. एक जरी पडले, की प्रश्न सगळ्या राज्यापुढे. मग राज्यात बहुमत हवे आणि त्या काउंटीतही.

हक्क मात्र चर्चबाहेरही आहेच. जिथे असण्याचा तुम्हाला अधिकार आहे आणि तुम्ही बेकायदा काही करत नाही, तिथे स्वसंरक्षणासाठी बळ वापरण्याआधी मागे हटण्याचे बंधन २००६ पासून राज्यभर नाही. म्हणूनच ‘हे आधीच कायद्यात आहे’ असा आक्षेप आला, आणि तो आम्हाला बराचसा पटतो. नवे आहे ते गृहीतक : चर्चच्या आवारात कुणी माणसावर बळ वापरत खून, गंभीर दुखापत, पहिल्या दर्जाची जबरी चोरी किंवा अपहरण करू पाहत असेल, तर त्याला रोखणाऱ्याचे प्राणघातक बळ समर्थनीय धरले जाते.

घोटाळा इथेच होतो. रात्री दानपेटी उचलून पळणारा निःशस्त्र चोर यात बसत नाही. त्याने कुणाला हात लावलेला नाही, आणि पहिल्या दर्जाच्या जबरी चोरीला शस्त्र किंवा गंभीर इजा लागते. त्याच्या पाठीवर गोळी झाडणाऱ्याला या दुरुस्तीची ढाल नाही.

प्रश्न : पण हल्लेखोराला रोखायला गोळी झाडली, तर झाडणाऱ्यावर खटलाच नाही?

उत्तर : तसे नाही. पोलीस तपास करतात, पुरेसे कारण दिसले तर अटकही होते. आरोपी खटल्याआधी न्यायाधीशांपुढे स्वतंत्र सुनावणी मागू शकतो. तिथे आपण कायद्याच्या चौकटीत होतो, हे पुराव्याचे पारडे आपल्याकडे झुकवून त्यालाच दाखवावे लागते. जमले तर सुटका, नाही तर ज्युरीपुढे स्वसंरक्षणाचा बचाव मांडायचा.

आपल्याकडे भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे देऊळ, चर्च, घर असा भेद न करता हाच विषय हाताळतात. पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता का, हा प्रश्न मात्र आपल्याकडे कलम ३७ आधी विचारते.